आजी, तिचा डोळा कुठे बघतोय?

२०२० चा एप्रिल. निफाड तालुक्यातल्या एका घरात नऊ वर्षांची एक मुलगी खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक नाकाच्या शेंड्याला टेकवून बसली होती. मी, तिची ऑप्टोमेट्रिस्ट, नाशिकला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवर तिला बघत होते. दोरीत तीन मणी होते, लाल, पिवळा आणि हिरवा.

"पिवळ्याकडे बघ. दोरीची फुली दिसते?"

"हो मॅडम."

"मण्यावरच पडते ना?"

"हो मॅडम."

तीन आठवडे हेच चाललं होतं आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'छान प्रगती' अशी नोंद पडत होती. चौथ्या आठवड्यात तिची आजी ताटात शेंगा घेऊन निवडत तिच्या समोर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, हिचा डावा डोळा दाराकडं बघतोय की."

मला ते दिसलंच नव्हतं. उजेड मुलीच्या पाठीमागून येत होता, त्यामुळे फोनवर तिचा चेहरा काळसर दिसायचा. शिवाय मी असे प्रश्न विचारत होते की उत्तर 'हो' एवढंच येणार. फुली दिसली पाहिजे हे त्या शहाण्या पोरीला पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून ती मला हवं ते उत्तर देत होती. क्लिनिकमध्ये ती माझ्यासमोर दोन फुटांवर बसायची तेव्हा तिने काय सांगितलं यावर मी कधीच विसंबून राहिले नव्हते. तिचा डोळा बाहेर सरकताना मला दिसायचा. लॉकडाऊन लागल्यावर मी व्यायाम तिच्या घरी पाठवले, दोरी पाठवली, छापील कागद पाठवले. बघणं मात्र कुणाकडे सोपवलंच नव्हतं.

पुढच्या सव्वा वर्षात घरून डोळ्यांची थेरपी करताना मी जे शिकले त्याचं मूळ त्या दिवसात आहे. जुलै २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती, पण तिसरीची धास्ती घरोघरी होती आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचं लसीकरण सुरू झालेलं नव्हतं. थेरपी अर्धवट राहिलेली बरीच मुलं क्लिनिकपर्यंत येऊ शकत नव्हती. अशा मुलांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. माझ्यासारखं काम करणाऱ्यांनाही यातलं काही उपयोगी पडावं.

आधी हे ठरवा की घरून करायचं का

व्हिजन थेरपी या नावाखाली बाजारात बरंच काही विकलं जातं. मी ज्या मुलांबद्दल बोलते आहे ती मुख्यतः दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात जवळचं बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत. त्याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. अशी मुलं पुस्तक वाचताना ओळ गाळतात, अक्षरं हलतात किंवा दोन-दोन दिसतात म्हणतात, पंधरा मिनिटांत कपाळ धरून बसतात. दुसऱ्या प्रकारात एक डोळा 'आळशी' असतो. डोळ्याची रचना ठीक असते, पण मेंदूने त्या डोळ्याकडे दुर्लक्ष केलेलं असतं. तिथे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा मुख्य उपचार.

दोन्ही प्रकारांत पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हायला हवी. डोळ्यात थेंब घालून नंबर काढणं, पडदा तपासणं, तिरळेपणाचा कोन प्रिझमने मोजणं ही कामं फोनवरून होत नाहीत. जे कुणी 'ऑनलाइन तपासणी करून लगेच थेरपी सुरू करू' म्हणत असतील त्यांना नम्रपणे नाही म्हणा. घरून चालू शकते ती आधी तपासून, निदान होऊन, शक्यतो काही सेशन समोरासमोर झालेली थेरपी.

काही तक्रारींवर घरी बसून थांबायचंच नाही. अचानक दोन दिसायला लागणं, अचानक आलेला तिरळेपणा, एक पापणी खाली लोंबणं, डोकेदुखीबरोबर उलट्या, डोळा लाल होऊन दुखणं, डोक्याला मार लागल्यानंतर दिसण्यात झालेला बदल, फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसणं यांपैकी काहीही असेल तर साथ असो वा नसो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. २०२० मध्ये काही पालकांनी 'लॉकडाऊन उठल्यावर दाखवू' म्हणून वाट पाहिली. दवाखाने त्या काळातही सुरू होते, तातडीच्या रुग्णाला वाट मोकळी होती. ही वाट पाहणं टाळता आलं असतं, हे मला आजही लागतं.

आता अपेक्षेबद्दल. अमेरिकेत कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सीवर एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ९ ते १७ वर्षांची २२१ मुलं, चार गट, १२ आठवडे. एका गटाला आठवड्यातून एकदा तासभर क्लिनिकमध्ये थेरपी आणि घरी रोज १५ मिनिटांचा सराव असा उपचार दिला. त्यातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. ज्यांना फक्त घरी पेन्सिलीचे व्यायाम दिले त्यांच्यात हे प्रमाण ४३ टक्के निघालं, आणि घरी संगणकावरचा प्रोग्रॅम व पेन्सिल मिळून ३३ टक्के. चौथ्या गटाला क्लिनिकमध्ये नुसती दिखाऊ थेरपी दिली होती, तिथेही ३५ टक्के मुलं सुधारली.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. घरी एकट्याने केलेल्या व्यायामाचा फायदा दिखाऊ थेरपीच्या फार पुढे जात नाही, असं ते सांगतात. फरक पडला तो क्लिनिकमधल्या खऱ्या थेरपीने, जिथे समोर प्रशिक्षित माणूस असतं, ते चूक पकडतं आणि त्याच क्षणी व्यायाम बदलतं. त्या अभ्यासात व्हिडिओ कॉलवरचा गट नव्हता, म्हणून फोनवरची थेरपी क्लिनिकइतकीच चांगली आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. मात्र व्यायामाचा कागद घरी पाठवून मोकळं होण्यापेक्षा फोनवरच्या थेरपीत बघणारा माणूस टिकतो, आणि तो टिकवण्यासाठीच सगळी धडपड करायची.

आणखी एक गोष्ट आधीच मोकळेपणी बोललेली बरी. २०१९ मध्ये त्याच क्षेत्रातल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की थेरपीने डोळ्यांचं काम सुधारलं तरी वाचून समजण्याची क्षमता दिखाऊ थेरपी घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढली नाही. म्हणून डोकं दुखणं थांबेल, अक्षरं स्थिर होतील एवढीच आशा धरा. मार्क वाढतील किंवा डिस्लेक्सिया जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फोन कुठे ठेवायचा

हे क्षुल्लक वाटेल, पण माझे पहिले तीन आठवडे इथेच वाया गेले.

उजेड मुलाच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. खिडकी त्याच्या समोर, फोनच्या मागे. संध्याकाळी करत असाल तर ट्यूबलाइट डोक्यावर नको, समोरच्या भिंतीवर असलेली चालेल. फोन हातात धरू नका, तो हलतो आणि मग डोळा हलला की फोन, हे मला कळत नाही. पोळपाटाला टेकवा, डब्यांच्या उतरंडीवर ठेवा, पण मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणि अगदी समोर. बाजूने धरलेल्या फोनमध्ये सरळ डोळाही तिरका दिसतो. चेहरा पडद्यावर एवढा मोठा हवा की भुवईपासून हनुवटीपर्यंतच दिसेल. बसायला शक्यतो खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. पलंगावर लोळत केलेल्या व्यायामात मान कुठे वळली हेच समजत नाही.

डावं-उजवं यात फार घोळ होतो. पुढच्या कॅमेऱ्यात तुम्हाला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, मला ते सुलटं दिसतं. 'उजवा डोळा झाका' म्हटलं की घरात गोंधळ उडतो. आम्ही मुलाच्या उजव्या मनगटाला लाल धागा बांधायला लागलो. आता सगळे 'धाग्याकडचा डोळा' म्हणतात.

आवाज फोनवरून उशिरा पोचतो, हेही ध्यानात ठेवा. क्लिनिकमध्ये आम्ही ठोक्यावर अक्षरं वाचून घेतो. तो ठोका मी इकडून दिला तर मुलापर्यंत पोचेतो मागे पडतो आणि मूल चुकतंय असं वाटतं. ठोका त्यांच्याच घरात हवा. आजोबांनी टेबलावर बोटाने दिलेला ठोका झकास चालतो.

चालू कॉलमधलं चित्र पुसट असतं, गावाकडे रेंज गेली की नुसते ठोकळे दिसतात. त्यामुळे डोळ्यांची बारीक हालचाल बघायची असेल तर कॉलवर अवलंबून राहू नका. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. नेहमीसारखा पाठवला की अॅप त्याचा दर्जा कमी करतं. तिरळेपणा वाढल्यासारखा वाटला तर मूल कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत असताना फ्लॅश लावून हातभर अंतरावरून फोटो काढा. दोन्ही बुबुळांत प्रकाशाचा ठिपका सारख्याच जागी पडायला हवा. हे मोजमाप नव्हे, पण मागच्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवला की मला बरंच कळतं.

मुलाचे व्हिडिओ तुम्ही मला विश्वासाने पाठवता. ते कुठे ठेवले जातात, कधी पुसले जातात, हे थेरपिस्टला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. २५ मार्च २०२० ला आपल्याकडे टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत आणि लहान मुलाशी बोलताना मोठं माणूस सोबत असलंच पाहिजे असं त्यांत म्हटलं आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, तरीही हा नियम मी स्वतःला लावून घेतला. मूल एकटं असेल तर सेशन होत नाही.

पडदा माझ्यासाठी, मुलासाठी नाही

साथीच्या काळात शाळा ऑनलाइन, शिकवणी ऑनलाइन, वाढदिवस ऑनलाइन. केंद्राच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला दोनच सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची, असं सुचवलेलं होतं. प्रत्यक्षात मुलं किती वेळ पडद्याशी असायची ते तुम्ही घरात पाहिलंच आहे. ज्या मुलाचे डोळे जवळच्या कामाने थकतात त्याला थेरपी म्हणून आणखी अर्धा तास फोनच्या पडद्याकडे बघायला लावणं मला पटत नाही.

म्हणून आमच्याकडे पडदा मी बघते, मूल दोरी बघतं, कागद बघतं, पेन्सिल बघतं. फोन हा माझा डोळा आहे, मुलाची पाटी नाही.

संगणकावरच्या थेरपी प्रोग्रॅमबद्दल एवढंच सांगते. ते उपयोगी असतात, पण त्यांनी दिलेला स्कोअर म्हणजे डोळ्यांची प्रगती असं समजू नका. माझ्याकडच्या एका मुलाचा स्कोअर आठवड्याला वाढत होता आणि घरचे खूश होते. लाल-हिरवा चष्मा लावून तो खेळायचा. एकदा मी त्याला चष्म्याच्या काचेमागे काय करतोस ते बाजूने कॅमेरा धरून दाखवायला सांगितलं. तो एक डोळा मिटून घेत होता आणि जिथे काही दिसत नव्हतं तिथे अंदाजाने बटण दाबत होता. खेळात तो हुशार झाला होता, डोळ्यांचं काम मात्र आहे तिथेच होतं.

मणी-दोरी, सावकाशीने

या एका साधनावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते, कारण ते घरी बनतं आणि नीट वापरलं तर डोळ्यांबद्दल खरं सांगतं. फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नावाने ते जगभर ओळखलं जातं.

साधारण तीन मीटर पांढरी नाडी घ्या, परकराची चालते. त्यात तीन ठळक रंगांचे मणी किंवा मोठी बटणं ओवा. घसरत असतील तर मण्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची गाठ मारा. एक टोक खिडकीच्या गजाला मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बांधा, दुसरं मुलाने दोन बोटांत धरून नाकाच्या शेंड्याला टेकवायचं. दोरी ताणलेली हवी. पहिला मणी ४० सेंटिमीटरवर, दुसरा दीड मीटरवर, तिसरा गजाजवळ.

आता मूल मधल्या मण्याकडे बघतं. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर मणी एकच दिसतो, पण दोऱ्या दोन दिसतात आणि त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतात. पुढचा आणि मागचा मणी दोन-दोन दिसतात. ते दोन दिसणं अगदी बरोबर आहे, घाबरू नका. फुली मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे गरजेपेक्षा जास्त आत वळलेत. पलीकडे पडली तर पुरेसे वळलेले नाहीत. आणि दोरी एकच दिसत असेल तर मेंदूने एका डोळ्याचं चित्र बंद करून टाकलंय.

वाचतानाच तुमच्या लक्षात आलं असेल की हे सगळं मुलाच्या सांगण्यावर आहे. म्हणून कसं विचारायचं याला फार महत्त्व आहे. मुलाला अपेक्षित उत्तर सांगू नका. 'फुली दिसते का?' विचारू नका. 'काय दिसतंय ते सांग' म्हणा आणि गप्प बसा. त्याहून चांगलं म्हणजे पाटी-पेन्सिल द्या आणि दिसतंय ते काढायला लावा. निफाडच्या त्या मुलीला मी आजीच्या बोलण्यानंतर पाटी घ्यायला सांगितली. तिने एक सरळ रेघ काढली. रेघेवर तीन टिंबं. दुसरी दोरी तिला दिसतच नव्हती, आणि हे पहिल्या दिवसापासून तसंच असणार.

मग तिला पापण्यांची उघडझाप करायला सांगितली, डाव्या डोळ्यासमोर आजीने तळहात धरून काढला, पुन्हा धरला, पुन्हा काढला. मणी ४० सेंटिमीटरवरून पाऊण मीटरवर सरकवला, कारण लांब बघताना तिचे डोळे एकत्र येत. तिथे तिने एकदम ओरडून सांगितलं की दुसरी दोरी आली. त्या दिवसापासून मणी दर दोन-तीन दिवसांनी बोटभर जवळ येत गेला.

आजीचं काम ठरलं. ती पाटावर समोर बसायची आणि मी अधूनमधून विचारायची, "आजी, तिचा डोळा कुठे बघतोय?" आजीला अभिसरण, फ्यूजन हे शब्द माहीत नव्हते. दोन्ही बुबुळं मण्याकडे आहेत की एक पळालंय, एवढंच तिने सांगायचं होतं, आणि कॅमेऱ्याआडून मला जे दिसत नव्हतं ते ती अचूक सांगायची.

घरातल्या एका माणसाला असं बघायला शिकवणं हाच फोनवरच्या थेरपीचा कणा आहे. ते माणूस आईच असायला हवं असं नाही. उलट मी म्हणेन, शक्य असेल तर आई नकोच. स्वयंपाक, घरून काम, धाकट्याचा अभ्यास हे सगळं तिच्याच माथी असतं, आणि त्यात तिला थेरपिस्टही केलं की आई-मुलाची रोज भांडणं होतात. आजी, काका, दहावीतला दादा, ज्याच्याकडे वीस मिनिटं आणि धीर आहे तो निवडा. त्याने तीनच गोष्टी बघायच्या. दोन्ही डोळे लक्ष्याकडे आहेत का, मान किंवा खांदा वाकडा होतोय का, आणि मूल श्वास रोखतंय का. मुलं जोर लावताना श्वास धरून ठेवतात. तसं झालं की थांबा, पाणी द्या.

बाकीचे व्यायाम थोडक्यात

पेन्सिलीच्या टोकाजवळ बारीक अक्षर लिहा आणि हातभर अंतरावरून हळूहळू नाकाच्या दिशेने आणा. दोन दिसलं की किंवा एक डोळा बाहेर सरकला की तिथे थांबून नाकाच्या मुळापासून पट्टीने अंतर मोजा. हे अंतर ५-६ सेंटिमीटरच्या आत असणं चांगलं. आठवड्यातून एकदाच, एकाच वेळी, एकाच माणसाने मोजा. रोज मोजलं की मुलावर दडपण येतं आणि आकडे खालीवर होत राहतात.

लांब-जवळ तक्त्यासाठी १० ओळी, दर ओळीत १० अक्षरं असा मोठा कागद तीन मीटरवर भिंतीला लावा आणि त्याचीच छोटी प्रत हातात द्या. एक ओळ लांबची, एक जवळची. इथे माझा एक आग्रह आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना देवनागरी अक्षरांचा तक्ता करून द्या. इंग्रजी अक्षर आठवायला लागणारा वेळ आणि डोळ्याचा फोकस बदलायला लागणारा वेळ यांत आम्ही कितीदा गल्लत करतो. अक्षरं सुटी लिहा, एकाची शिरोरेखा दुसऱ्याला चिकटू देऊ नका. तक्ता फक्त व्यायामासाठी, नजर मोजण्यासाठी नाही.

घरी नजर मोजायचा छापील तक्ता मी पाठवते तेव्हा तो १०० टक्के आकारात छापायला सांगते. प्रिंटर 'कागदात बसवा' करतो आणि अक्षरं लहान होतात. फोनवर तक्ता उघडला असेल तर पडद्यावरच्या चौकटीवर एटीएम कार्ड ठेवून बघा. कार्डाची रुंदी ८५.६ मिलिमीटर असते, चौकट तेवढीच दिसली पाहिजे. दुसरा डोळा बोटांनी झाकू नका, बोटांच्या फटीतून मुलं बघतात. तळहात किंवा चिकटपट्टी वापरा.

फोकस बदलण्याच्या सरावासाठी लागणाऱ्या फ्लिपरच्या भिंगांचा संच आणि रंगीत कार्डं आम्ही पोस्टाने पाठवली. लॉकडाऊनमध्येही पोस्ट चालू होतं, आणि खेड्यात कुरिअरपेक्षा पोस्टमनच खात्रीने पोचला. सुटे प्रिझम मात्र मी कुणाच्याही घरी पाठवत नाही. प्रिझम लावून मूल घरात चाललं तर पायरी चुकते.

पट्टी घातलेल्या मुलांबद्दल

आळशी डोळ्यासाठी पट्टी हा उपचार घरीच होतो, म्हणून साथीत त्याला काही धक्का नाही असं वाटत होतं. धोका वेगळाच होता. २०२० मध्ये तपासणी पुढे ढकलली गेली आणि पट्टी तशीच सुरू राहिली. लहान मुलाचा चांगला डोळा महिनोन् महिने फार वेळ झाकला आणि मधे कुणी बघितलं नाही तर त्याच डोळ्याची नजर कमी होऊ शकते. तपासणीची तारीख चुकली असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि पट्टीचे तास तसेच ठेवायचे की कमी करायचे ते विचारा. स्वतःहून वाढवू नका. 'जास्त घातली की लवकर बरं होईल' हा समज अनेक घरांत आहे. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्यासाठी सात वर्षांखालच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, २००३ मध्ये, दिवसाला २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच उपयोगी ठरली होती. तुमच्या मुलाला ६ तास सांगितले असतील तर त्यामागे कारण असेल, तेही विचारून घ्या.

उन्हाळ्यात चिकटपट्टीने पुरळ येतं. मग घरचे चष्म्यावर कापड लावतात आणि मूल वरून डोकावून बघतं. त्यापेक्षा दोन दिवस पट्टी बंद ठेवून कातडी बरी होऊ द्या आणि तसं कळवा. पट्टीचे तास ऑनलाइन वर्गात घालू नका. आळशी डोळ्याने फळा दिसत नाही, मूल रडकुंडीला येतं आणि पट्टीचाच राग करतं. चित्र रंगवणं, मटार सोलणं, सुईत दोरा ओवणं, सारीपाट, काहीही चालेल, फक्त हातातलं काम हवं.

वेळ, फोन आणि वही

क्लिनिकमधला एक तास फोनवर जसाच्या तसा उतरत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनंतर मुलाचं लक्ष उडतं आणि माझंही. मी तासाचे तुकडे केले. एक जिवंत सेशन, मधे दोन दिवस पाठवलेले छोटे व्हिडिओ, आणि रोज १५ मिनिटांचा सराव, आठवड्यातून पाच दिवस. आमच्या व्यवसायातल्या मित्रांना सांगते, पाठवलेला व्हिडिओ त्याच दिवशी बघा आणि एका वाक्यात तरी उत्तर द्या. दोनदा उत्तर आलं नाही की तिसरा व्हिडिओ येत नाही.

घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. ही अडचण अनेक घरांत असते आणि ती सांगायला लोक लाजतात. लाजू नका. रात्री आठला थकलेल्या डोळ्यांनी व्यायाम करण्यापेक्षा रविवारी सकाळी सेशन आणि आठवडाभर वही, एवढ्यावर आम्ही अनेक मुलांची थेरपी पुढे नेली.

वही साधी दोनशे पानी. रोज तारीख, कोणता व्यायाम, किती मिनिटं, मुलाने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, बघणाऱ्याने काय पाहिलं ते वेगळं. 'छान केलं' असं लिहू नका, त्यातून मला काही कळत नाही. 'लाल मण्यावर दोनदा डावा डोळा पळाला, डोळे मिचकावल्यावर आला' असं लिहा. चार आठवडे झाले आणि पेन्सिलीचं अंतर, डोकेदुखी, वाचनाचा वेळ यांपैकी काहीच हललं नाही, तर तोच व्यायाम रेटू नका. प्रत्यक्ष तपासणीची वेळ झाली आहे असं समजा आणि क्लिनिकला या.

निफाडची मुलगी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आजीबरोबर क्लिनिकला आली. मी पट्टी धरून पेन्सिलीचं अंतर मोजलं, ७ सेंटिमीटर. मार्चमध्ये ते १४ होतं. आजीने पिशवीतून वही काढून दिली आणि मग नाडी काढली, नीट गुंडाळलेली, मण्यांना गाठी तशाच. परत द्यायची का म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरीच ठेवा, थेरपी थांबली की डोळे पुन्हा जुन्या सवयीवर जाऊ शकतात, तेव्हा पुढचे सहा महिने आठवड्यातून दोनदा पाच-पाच मिनिटं हिला बसवा, आणि समोर तुम्ही बसा.